फुरशावरचं औषध आणि घोड्यांचा डॉक्टर

कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांच्या साठ्यात एक लहानशी काचेची बाटली असते. तिच्या तळाशी पांढरी, कोरडी वडी बसलेली दिसते. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस आला की सिस्टर तिच्यात दहा मिली निर्जंतुक पाणी सोडतात आणि बाटली हातात धरून हळूहळू गोल फिरवतात. जोरात हलवायची नाही, फेस होतो. वडी पूर्ण विरघळली की ते औषध सलाईनमधून शिरेत जातं. एका बाटलीने भागत नाही, सुरुवातीलाच आठ ते दहा लागतात. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे औषध घोड्यापासून मिळवलेलं आहे. ते वाचायला त्या घाईत कोणाला सवड असणार?

माणूस वाचला की घरचे डॉक्टरांच्या पाया पडतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या बाटलीच्या मागे आणखी एक डॉक्टर उभा असतो. तो घोड्यांचा डॉक्टर, घोड्याच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास केलेला पशुवैद्य. औषध किती जोरकस निघेल, रोग्याला त्याचा त्रास किती होईल, ते मुळात वेळेवर तयार होईल की नाही, यातलं बरंच काही त्याच्या तबेल्यात ठरतं. आपल्या भागात दर पावसाळ्यात आणि भातकापणीत या औषधाची गरज पडते, तरी त्या माणसाचं काम काय असतं हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

आधी विषाची बाजू. भारतात जीवघेण्या दंशांचा मोठा वाटा चार सापांचा आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चारही कोकणात आहेत, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हा खास फुरशाचा मुलूख. जांभ्याचा सडा, गडग्यातल्या सापटी, काजूच्या बागेतला पातेरा, असल्या जागी हा वीतभर-हातभर साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत खरखर आवाज करतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी होती की ती मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. अजूनही दगड उचलताना, पातेरा गोळा करताना, काळोखात अनवाणी पडवीतून उतरताना हाच साप चावतो.

फुरशाचं आणि घोणशीचं विष रक्तावर चालून जातं. रक्त गोठवणारे घटक ते भराभर वापरून संपवतं, मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं. हे ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की ती प्रत्येकाला माहीत असावी असं मला वाटतं. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत शिरेतलं दोन मिली ताजं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरकी करायची. रक्ताची गोठून खापरी झाली असेल तर ती जागची हलत नाही. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. साबणाने धुतलेली नळीही नको, चुकीचा निकाल येतो.

नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा समजतही नाही. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो आणि बघता बघता त्याच्या पापण्या जड होऊन खाली येतात. दंशाची खूण शोधूनही सापडत नाही.

आता घोडा यात कुठून आला?

शरीरात परकी वस्तू शिरली की ती ओळखून पकडणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात, हे कोविडनंतर सगळ्यांनाच माहीत झालं आहे. पण त्या तयार व्हायला दिवस लागतात. घोणस चावलेल्या माणसाकडे तेवढे दिवस नसतात. मग एकच मार्ग उरतो: दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात आधीच तयार झालेल्या अँटिबॉडी उसन्या घ्यायच्या.

उसनवारीचा हा व्यवहार निसर्गात रोज चालतो, आणि तो सगळ्यात ठळक दिसतो घोड्यातच. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी गर्भात असतानाच वारेतून मिळतात. घोडीची वार वेगळ्या रचनेची असते, तिच्यातून अँटिबॉडी पलीकडे जात नाहीत. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ नसतंच. ते सगळं येतं आईच्या चिकातून. आपण खरवस करतो तो चीक गाई-म्हशीचा, त्यांच्या वासरांचंही असंच असतं. शिंगराचं आतडं पहिले काही तासच हे मोठे रेणू जसेच्या तसे आत घेतं. जन्मून एक दिवस उलटला की ती वाट बंद होते. ज्या शिंगराला वेळेत चीक मिळाला नाही, ते साध्या जंतूनेही दगावू शकतं. म्हणून घोड्यांचा डॉक्टर नवजात शिंगराचं रक्त तपासून त्यात अँटिबॉडी पुरेशा आल्यात का हे बघतो, आणि कमी असल्या तर दुसऱ्या निरोगी घोड्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणारा द्रव, शिरेतून देतो. सर्पदंशाच्या रोग्याला आपण देतो ते याच तत्त्वावर. घोड्यांच्या रोगप्रतिकारशास्त्राचा विद्यार्थी हे एका शिंगरावर शिकतो आणि पुढे हजारो माणसांसाठी वापरतो.

1890 साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की एका प्राण्याच्या रक्तद्रवातली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला देता येते. घटसर्प आणि धनुर्वातावरची सीरम त्यातून आली, आणि 1901 सालचं वैद्यकशास्त्रातलं पहिलं नोबेल बेरिंगना मिळालं. 1890 च्याच दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टराने नागाच्या विषावर सीरम तयार केलं. पण नागाचं सीरम दुसऱ्या जातीच्या सापावर चालत नाही, प्रत्येक विषाला त्याचंच उत्तर लागतं, हे ब्राझीलच्या व्हितल ब्राझील यांनी सिद्ध केलं. कोकणाच्या दृष्टीने मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, त्याकडे पुढे येतोच.

आपल्याकडे या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे परळ. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, आणि 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. सर्पविषावरचं प्रतिविष तिथे तयार होऊ लागलं. पुढे उत्पादनाचं काम वेगळ्या सरकारी महामंडळाकडे गेलं, त्यांचे घोडे पिंपरीला असत. आणि त्याच परळमध्ये 1886 पासून मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसाचं औषध आणि जनावरांचं वैद्यक एकाच पेठेत, चालत जाण्याच्या अंतरावर वाढलं.

तबेल्यात काय चालतं ते आता नीट बघू.

घोडा निवडायचा तो साधारण चार ते दहा वर्षांचा, धडधाकट. खेचरंही चालतात. आल्या आल्या त्याला कळपात सोडत नाहीत. काही आठवडे वेगळा ठेवून तपासण्या होतात. ग्लँडर्स, सरा, घोड्यांचा संसर्गजन्य पंडुरोग, असे रोग रक्तातून किंवा श्वासातून पसरणारे. ग्लँडर्स तर माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. मग धनुर्वाताची लस. घोडा हा धनुर्वाताला अतिशय हळवा प्राणी, खुरात खिळा गेल्याचं निमित्त पुरतं.

या खबरदारीमागे एक दुःखद इतिहास आहे. 1901 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्यापासून घटसर्पाचं सीरम काढत असत. त्या घोड्याला धनुर्वात झाला, त्याला मारावं लागलं, पण त्याच्याकडून आधी घेतलेलं सीरम वापरात राहिलं. 13 मुलं धनुर्वाताने मेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सीरम आणि लशींवर सरकारी नियंत्रणाचा कायदा झाला. औषधाची शुद्धता घोड्याच्या तब्येतीपासून सुरू होते, हे त्या 13 मुलांच्या जिवावर जगाला कळलं.

मग विष टोचायचं. पहिला डोस अगदी कमी, घोड्याला इजा होणार नाही इतका. तो एका जागी देत नाहीत. थोडा थोडा करून मानेच्या आणि पाठीच्या कातडीखाली अनेक ठिकाणी देतात, कारण त्या भागाजवळ लसिकाग्रंथी असतात आणि विष एकवटल्याने होणारी जखमही टळते. सोबत प्रतिकारशक्तीला चेतवणारा एक पदार्थ असतो, जो विष हळूहळू सुटू देतो. काही आठवड्यांनी पुन्हा, थोडं जास्त. असं काही महिने. दर वेळी घोड्याच्या शरीरातल्या पेशींमध्ये एक चाळणी लागते: विषाला ज्यांची अँटिबॉडी घट्ट धरते त्या पेशी वाढतात, बाकीच्या मागे पडतात. म्हणून महिन्यांनंतरच्या अँटिबॉडी पहिल्या आठवड्यातल्यांपेक्षा कितीतरी चिवट असतात. ही चिवटपणाची चढण कधी पुरी झाली, आणखी डोस दिल्याने फायदा होईल की घोडा नुसता थकेल, हे रक्ताच्या नमुन्यांवरून ठरवणं हे रोगप्रतिकारशास्त्रज्ञाचं खरं कसब.

इथे एक अवघड गाठ आहे. फुरसं आणि घोणस यांच्या विषात मोठमोठी प्रथिनं असतात आणि मोठं प्रथिन घोड्याच्या शरीराला चटकन परकं वाटतं. नाग आणि मण्यारीच्या विषातली सगळ्यात मारक द्रव्यं मात्र पुष्कळदा अगदी लहान रेणू असतात. ती प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतात, त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी कमी आणि दुबळ्या बनतात. जी द्रव्यं माणसाला आधी मारतात, त्यांच्यावरच उत्तर तयार करणं कठीण! चेतवणारा पदार्थ बदलून, लहान रेणू मोठ्यांना जोडून, डोसांचा क्रम फिरवून यावर अनेक देशांत काम चालू आहे, आणि या शाखेतली हुशारी इथेच पणाला लागते.

अँटिबॉडी पुरेशा झाल्या की रक्त काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 13 ते 15 मिली, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याचं साधारण पाच लिटर. आपल्याला हवा असतो तो पिवळसर प्लाझ्मा. लाल पेशी वेगळ्या करून त्याच घोड्याला परत देता येतात, त्यामुळे रक्त कमी होत नाही. मग विश्रांती आणि सकस खुराक.

घोड्याला याचा त्रास होतो का? होतो. टोचल्या जागी गळवं येतात. रक्त घेण्यात घाई झाली तर पंडुरोग होतो. वर्षानुवर्षं प्रतिकारशक्ती ताणली गेली की एक चिकट प्रथिन यकृतात साचत जातं, आणि असं यकृत फुटून घोडा दगावल्याच्या नोंदी जुन्या काळापासून आहेत. कोकणातला माणूस ज्या प्राण्याच्या रक्तावर तगतो, त्याची किमान देखभाल नीट व्हायला हवी यात मला काडीचीही शंका नाही. शिवाय आजारी, अशक्त घोड्याच्या अँटिबॉडीही कमी आणि हलक्या निघतात. म्हणजे घोड्याची काळजी आणि रोग्याचं हित यांत इथे काही वाद नाही. पाठीचा कणा दिसू लागलाय का, लीद कशी आहे, डोळ्याच्या आतली त्वचा फिकट पडलीय का, रोज सकाळी हे पाहणारा पशुवैद्य प्रतिविषाच्या दर्जाचाच पहारा करत असतो.

प्लाझ्मा पुढे कारखान्यात जातो. अँटिबॉडीचा रेणू बेचकीच्या आकाराचा असतो: वरची दोन टोकं विष पकडतात आणि खालची मूठ शरीराच्या इतर पेशींना हाक मारते. घोड्याची ही मूठ माणसाच्या शरीराला परकी, त्रास बऱ्याच अंशी तिच्यामुळे. म्हणून पेप्सिन या पाचकद्रव्याने मूठ तोडून टाकतात आणि पकडणारी टोकं ठेवतात. मग शुद्धीकरण, गाळणी आणि शेवटी गोठवून सुकवणं. सुकवलेल्या औषधाला सततची थंडाई लागत नाही. पावसात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावांसाठी याचं मोल वेगळं सांगायला नको.

भारतीय प्रमाणानुसार तयार प्रतिविषाच्या एका मिलीने नागाचं 0.6 मिलिग्रॅम, घोणशीचं 0.6, मण्यारीचं 0.45 आणि फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं. साप चावताना विष टोचतो ते रोग्याचं वय पाहून नव्हे, म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो. ‘पोर एवढंसं, एवढं औषध कशाला’ म्हणून घरच्यांनी हात आखडता घ्यायला सांगू नये. मूठ तोडली तरी घोड्याची प्रथिनं ती घोड्याचीच. काहींना अंगावर गांध्या उठतात, थंडी वाजते, क्वचित रक्तदाब एकदम कोसळतो. त्यासाठी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलेलं असतं. ही भीती आहे म्हणून प्रतिविष टाळणं मात्र घातक. आणि वेळ दवडणं त्याहून घातक: मण्यारीच्या विषाने नसांची टोकं एकदा बिघडवली की प्रतिविष ती दुरुस्त करू शकत नाही, मग श्वासाचं यंत्र लावून दिवस काढावे लागतात. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवून सरळ दवाखाना गाठा.

विंचवाच्या बाबतीत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम जगभर मानलं जातं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध त्यांनी आणलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. 2011 साली त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर रोगी लवकर सावरतो. तेही घोड्याच्याच रक्तातून येतं. कोकणातल्या एका गावच्या दवाखान्यातलं निरीक्षण आणि तबेल्यातलं काम असं एकत्र येतं, तेव्हा केवढा फरक पडतो!

आता व्हितल ब्राझील यांच्या शोधाकडे परत. भारतात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष येतं तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. ती 1978 सालची. त्यांचं कसब वादातीत आहे. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रांतागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनातून दिसलं आहे की काही भागांतल्या सापांच्या विषावर बाजारातलं प्रतिविष कमी पडतं. कोकणातल्या जांभ्यावरच्या फुरशाचं विष मिसळून घोडे तयार केले तर आपल्या रोग्यांना कमी बाटल्या लागतील का? हा प्रश्न कोकणातल्या एखाद्या पशुवैद्याने हाती घ्यावा असा आहे.

शिवाय काही दंशांवर आपल्याकडे औषधच नाही. आपलं प्रतिविष ज्या चार सापांवर चालतं, त्यांत आंबोलीच्या जंगलातला चापडा हा विषारी साप नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीत मासळीबरोबर समुद्री साप येतात आणि मच्छीमार ते शेपटीला धरून हाताने परत पाण्यात टाकतात. त्यांचं विष स्नायू विरघळवतं, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. भारतीय प्रतिविष त्यावर चालत नाही. ऑस्ट्रेलियात समुद्री सापांसाठी वेगळं प्रतिविष बनतं, आपल्याकडे नाही. एवढी मोठी किनारपट्टी आणि एवढे दर्यावर्दी असताना ही उणीव मला सहन होत नाही.

ज्या मुलामुलींना या वाटेने जायचं आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: बारावीनंतर नीट परीक्षा, मग साडेपाच वर्षांची पशुवैद्यकीय पदवी, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष काम. पुढे औषधवैद्यक किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी. घोड्यांसाठी देशातलं मुख्य संशोधन केंद्र हरयाणात हिसारला आहे. सैन्याचा रिमाउंट व्हेटर्नरी विभाग आणि रेसकोर्सचे दवाखाने इथेही काम मिळतं. हात बसवायला लांब जायची गरज नाही. अलिबाग, मुरूड, गणपतीपुळ्याच्या वाळूवर आणि माथेरानच्या लाल मातीत घोडे आहेतच. जमिनीवर टाकलेल्या चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन घोड्याला कळा येतात, हा किनाऱ्यावरचा खास आजार; चारा गव्हाणीत किंवा जाळीत घातला तर पुष्कळसा टळतो. असल्या कामातूनच घोडा समजतो.

2000 ते 2019 या वर्षांत भारतात दर साली सरासरी 58,000 माणसं सर्पदंशाने मेली असा संशोधकांचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं जागतिक आरोग्य संघटनेने आणि आपल्या सरकारनेही ठरवलं आहे. 2025 साली संगणकाच्या मदतीने रचलेली, नागाच्या विषातली द्रव्यं अडवणारी लहान प्रथिनं प्रसिद्ध झाली. बिकानेरला उंटापासून फुरशाच्या एका उपजातीवर अँटिबॉडी मिळवण्याचं काम झालं आहे. ही औषधं गावच्या कपाटात यायला अजून वर्षं लागतील. या ऑक्टोबरात भातकापणीला जे शेतात उतरतील, त्यांच्यासाठीची बाटली घोड्याच्याच रक्तातून येणार आहे, आणि तिच्यासाठीचे डोस आत्ता कुठल्या तरी तबेल्यात चालू आहेत.